डिस्कला गंज, सर्व्हिस सेंटरचा नकार: ग्राहक आयोगात काय टिकेल?

प्रश्न: नवी पिकअप घेऊन 11 महिने झाले. मालवाहतुकीसाठी ती मी स्वतःच चालवतो. ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरते आणि पुढच्या दोन्ही डिस्कवर गंजाचे खड्डे दिसतात. सर्व्हिस सेंटर म्हणते, डिस्क झिजणारा भाग आहे आणि गंज हवामानामुळे आला, त्यामुळे वॉरंटीत बसत नाही. पैसे भरा, लेथवर घासून देतो. मला नवी गाडी मागता येईल का?

उत्तर: नवी गाडी मागू नका. वॉरंटीत सदोष भाग दुरुस्त करून किंवा बदलून देण्याचीच हमी असेल, तर अख्खी गाडी बदलून मागता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये एका मोटारीच्या प्रकरणात म्हटले आहे. दोन डिस्क, पॅडचा (ब्रेक लावल्यावर डिस्कवर दाबले जाणारे तुकडे) संच, मजुरी आणि गाडी उभी राहिली तेवढ्या दिवसांचे बुडालेले भाडे, ही मागणी टिकण्यासारखी आहे.

त्याआधी गंज कुठे आहे ते नीट पाहा, कारण सगळा खटला त्यावर उभा राहणार आहे. डिस्क बिडाची असते. पावसात किंवा धुतल्यावर गाडी उभी राहिली की रात्रीत तिच्यावर लालसर थर चढतो आणि सकाळी पाच-दहा वेळा ब्रेक लावले की पुसला जातो. हा दोष नव्हे. मधल्या, पॅड न लागणाऱ्या भागावरचा वरवरचा गंजही बहुधा फक्त दिसायला वाईट. पॅड जिथे घासतो त्या पट्ट्यावर ब्रेक लावूनही न जाणारे खड्डे असतील, किंवा डिस्कची जाडी ठिकठिकाणी वेगळी भरत असेल, तरच तक्रारीत दम आहे. जाडीत मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरक पडला तरी स्टिअरिंग थरथरते.

गंजाचा आकारही बोलतो. पॅडच्या आकाराचा एकच डाग असेल तर गाडी बराच काळ एका जागी उभी होती. तिचा निर्मितीचा महिना आरसीवर असतो; तो आणि ताबा मिळाल्याची तारीख यांत बरेच महिने गेले असतील तर गंजाची सुरुवात विक्रेत्याच्या यार्डात झाली, असे म्हणायला जागा आहे. मात्र तुम्हीच गाडी दोन महिने उभी ठेवली असेल तर हाच डाग तुमच्यावर उलटेल. डिस्कची एकच बाजू खराब आणि दुसरी स्वच्छ असेल तर कॅलिपरच्या (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) स्लाइड पिना, म्हणजे तो ज्यांवर सरकतो त्या पिना, अडकल्याचा संशय घ्या. प्रत्येक सर्व्हिसच्या बिलात ‘ब्रेक साफसफाई’ लावली असेल तर मुद्दा सेवेतील त्रुटीचा होतो, आणि तो सिद्ध करणे धातूचा दोष सिद्ध करण्यापेक्षा सोपे असते. समोरचा वकील मीठ किंवा खत वाहिले का, चाके ॲसिडने धुतली का, हे विचारणारच. उत्तर आधीच तयार ठेवा.

आता सर्वांत महत्त्वाचे: डिस्क लेथवर चढवू देऊ नका. दोष चाचणीशिवाय ठरत नसेल तर ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 38 नुसार आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. चाचणीची फी तुम्हाला भरावी लागू शकते. पृष्ठभागच तासून टाकला तर तपासायला उरणार काय? पण पुराव्यासाठी खराब ब्रेकवर गाडी चालवणे हा शुद्ध वेडेपणा आहे. डिस्क बदलून घ्या, पैसे ‘हक्क राखून’ भरल्याचे जॉब कार्डवर लिहा आणि जुन्या डिस्क-पॅड परत मागा. पैसे तुम्ही भरले, तर ते भाग तुमचे. धुऊ नका, तेल लावू नका. डावी-उजवी अशी खूण करून कोरड्या जागी ठेवा. काढण्यापूर्वी जाडी मोजून जॉब कार्डवर नोंदवा: मायक्रोमीटरने, कडेपासून सारख्या अंतरावर, आठ ठिकाणी. व्हर्नियर (सरकत्या जबड्यांची मापपट्टी) वापरू नका: त्याचे जबडे कडेच्या गंजावर टेकतात आणि जाडी जास्त दाखवतात. किमान जाडीचा आकडा बहुतेक डिस्कवर कोरलेला असतो. तोही फोटोत येऊ द्या. ‘समाधानी आहे’ या रकान्यात सही नको.

‘झिजणारा भाग’ या उत्तराला घाबरू नका. झीज घर्षणाने होते. खड्डे पाडणारा गंज ही झीज नव्हे. मात्र वॉरंटी पुस्तिकेत गंज हा शब्द वेगळा वगळला आहे का, ते वाचा. वगळला असेल तर वॉरंटीवर विसंबू नका. कलम 2(10) मधील ‘दोष’ आणि सेवेतील त्रुटी यांवर तक्रार उभी करा.

गाडी व्यवसायाची म्हणून तुम्ही ग्राहक नाही, हा आक्षेप येईल. स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेली वस्तू कायद्याने ‘व्यापारी हेतू’तून वगळली आहे. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्स प्रकरणात (1995) सर्वोच्च न्यायालयाने स्वतः ट्रक चालवणाऱ्या खरेदीदाराचे उदाहरणच दिले आहे. उपजीविकेसाठी गाडी स्वतःच चालवतो, हे तक्रारीत स्पष्ट लिहा. ताफ्यातली पाचवी गाडी असेल तर गोष्ट वेगळी. मग दिवाणी दाव्याचा विचार करावा लागेल. ‘उत्पादन दायित्वा’ची (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीची भरपाई) कलमे मात्र इथे लावू नका: त्या कलमांत खुद्द उत्पादनाचे नुकसान धरलेच जात नाही.

आधी विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही 15 दिवसांची लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. एकालाच पाठवलीत तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवतो. मग जिल्हा आयोगात तक्रार; मोबदला (गाडीसाठी तुम्ही मोजलेली किंमत) 50 लाखांपर्यंत असेल तर अधिकार त्याचाच, आणि तुम्ही राहता त्या जिल्ह्यातही ती चालते. वकील बंधनकारक नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षे. ती नकाराच्या पत्रापासून न मोजता, थरथर पहिल्यांदा ज्या जॉब कार्डवर नोंदली गेली त्या तारखेपासून मोजा; ईमेलची देवाणघेवाण चालू राहिली म्हणून ती लांबत नाही.