सीडी ९९ पॉझिटिव्ह आले म्हणजे यूइंग सार्कोमाच समजायचा का?

नाही. आपल्या पुतण्याच्या मांडीच्या हाडातील बायोप्सीवर 'स्मॉल राउंड ब्लू सेल ट्यूमर' (लहान, गोल, निळ्या पेशींची गाठ) असा शेरा आला, सीडी ९९ हे मार्कर, म्हणजे पेशीतील ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी चाचणी, पॉझिटिव्ह निघाले, तरीही लॅब आणखी मार्कर का मागते आणि रिपोर्ट का रखडवते, असे आपण विचारले आहे. मी पॅथॉलॉजिस्ट आहे आणि हाच प्रश्न मी सर्जन मंडळींकडून बऱ्याच चढ्या आवाजात ऐकलेला आहे.

नेहमीच्या हेमॅटॉक्सिलिन-इओसिन रंगाच्या स्लाइडवर यूइंग सार्कोमा (मुख्यतः हाडाचा कर्करोग), न्यूरोब्लास्टोमा (कोवळ्या मज्जापेशींचा), रॅब्डोमायोसार्कोमा (स्नायूच्या वळणाचा) आणि लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा (अपरिपक्व पांढऱ्या पेशींचा) हे चौघेही निळ्या गोल पेशींचा एकसारखा थर म्हणून समोर येतात. त्यामुळे मायोजेनिन व डेस्मिन स्नायूच्या वळणाची गाठ दाखवतात, सिनॅप्टोफायसिन व फॉक्स-२बी न्यूरोब्लास्टोमाकडे बोट दाखवतात, आणि रंग कुठे उतरला यालाही तितकेच महत्त्व असते. मायोजेनिनचा तपकिरी रंग केंद्रकातच हवा, तर यूइंगमध्ये सीडी ९९ पेशीच्या कडेने सलग उमटावे लागते. अडचण अशी की लिम्फोब्लास्टिक लिम्फोमातही ते तसेच उमटू शकते.

काही वर्षांपूर्वी एका शाळकरी मुलाच्या नडगीच्या हाडातील तुकडा माझ्याकडे आला होता. सीडी ९९ ठळक पॉझिटिव्ह, यूइंगमध्ये येणारे एफएलआय-१ हे मार्कर पॉझिटिव्ह आणि एलसीए, म्हणजे पांढऱ्या पेशींचे सर्वसाधारण मार्कर, निगेटिव्ह. सर्जनांचा फोन आला, "मॅडम, एलसीए निगेटिव्ह आहे म्हणजे लिम्फोमा बाद झाला. यूइंग लिहून मोकळ्या व्हा, पेशंट गरीब आहे, दर मार्करला पैसे पडतात." पैशांचे म्हणणे खोटे नव्हते. परंतु लिम्फोब्लास्ट पेशींत एलसीए पुष्कळदा फिके किंवा निगेटिव्ह असते आणि एफएलआय-१ तर दोन्हींत येते. शिवाय मोठ्या भिंगाखाली काही केंद्रकांना घड्या पडलेल्या दिसत होत्या आणि पेशी हाडाच्या पट्ट्या जागच्या जागी ठेवून मधल्या पोकळीत पसरल्या होत्या. हे लिम्फोमाकडे झुकणारे होते, म्हणून मी लॅबच्या खर्चाने टीडीटी हे लिम्फोब्लास्ट पेशींच्या केंद्रकात उमटणारे मार्कर लावले. दुसऱ्या दिवशी स्लाइडवर जवळपास प्रत्येक केंद्रक तपकिरी होते. पुढे सीडी ७९ए हे बी-पेशींचे मार्करही पॉझिटिव्ह आले. म्हणजे बी-लिम्फोब्लास्टिक लिम्फोमा. त्याचे उपचार ल्युकेमियासारखे, केमोथेरपीने दोन वर्षांच्या आसपास चालतात आणि त्यासाठी पायाचे हाड काढावे लागत नाही. यूइंगमध्ये मात्र केमोथेरपीबरोबर गाठीच्या जागी शस्त्रक्रिया किंवा रेडिएशन आलेच. तेच सर्जन आता चारचौघांत सांगतात की आम्हाला तेव्हाच शंका होती. असो.

एका मार्करवर दिलेल्या निदानाला मी रिपोर्ट मानत नाही.

उशिराबद्दल थोडक्यात. हाड कापण्याजोगे व्हावे म्हणून त्यातील कॅल्शियम काढावे लागते. तीव्र आम्लात ते लवकर निघते, पण डीएनए खराब होऊन पुढे फिश चाचणी (जनुकांतील तुटफूट दाखवणारी) फसू शकते, आणि ईडीटीए हे कॅल्शियम काढणारे दुसरे रसायन सुरक्षित असले तरी संथ असते. यावर सर्जनांनाच उपाय करता येतो: मऊ तुकडा वेगळा काढून आम्लाशिवाय, १० टक्के बफर्ड फॉर्मॅलिनच्या स्वतंत्र बाटलीत पाठवावा. सलाइनमध्ये तरंगत आलेल्या तुकड्यावर नंतर कितीही मार्कर लावले तरी भरवसा राहत नाही.

फिशमध्ये ईडब्ल्यूएसआर-१ हे जनुक तुटलेले दिसले तर यूइंगला मोठा आधार मिळतो, कारण सुमारे ८५ टक्के रुग्णांत ११ आणि २२ क्रमांकांच्या गुणसूत्रांची अदलाबदल असते. मात्र हे जनुक डेस्मोप्लास्टिक स्मॉल राउंड सेल ट्यूमर या वेगळ्या गाठीतही तुटते, त्यामुळे ती चाचणीही बाकीच्या मार्करबरोबरच वाचावी लागते.

हे मी आपली स्लाइड न पाहता लिहीत आहे, आणि आपल्या पुतण्याला यूइंगच असण्याचीही पुरेपूर शक्यता आहे. उपचारांचा निर्णय त्याला पाहणारे बालकर्करोगतज्ज्ञच घेतील. दुसरे मत हवे असल्यास स्लाइडबरोबर पॅराफिन ब्लॉकही (मेणात बसवलेले बायोप्सीचे तुकडे) मागून घ्यावेत, मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये बाहेरचे ब्लॉक तपासले जातात. आणि टीडीटी लावले आहे का, हे लॅबला आजच विचारावे. लावले नसेल आणि कोणी एलसीए निगेटिव्ह असल्याचे कारण पुढे केले, तर ते कारण पुरेसे नाही असे स्पष्ट सांगावे.