भुलीत मेंदूचं रक्त वाढतं का?

प्रश्न: आयसोफ्लुरेन (श्वासावाटे द्यायचं भुलीचं औषध) दिलेल्या उंदराच्या मेंदूत रक्तप्रवाह जागेपणापेक्षा जास्त दिसतो. गुंगीतला मेंदू कमी काम करतो, मग रक्त जास्त का?

उत्तर: कारण आयसोफ्लुरेन दोन कामं एकदम करतं. पेशींची प्राणवायूची गरज घटवतं, पण रक्तवाहिन्यांच्या भिंतीतले स्नायूही सैल करतं. मात्रा वाढली की दुसरा परिणाम वरचढ ठरतो. प्रोपोफॉल या दुसऱ्या भुलीच्या औषधाने मात्र गरज आणि प्रवाह दोन्ही उतरतात; केटामिन या तिसऱ्या औषधाने प्रवाह सहसा वाढतो.

पण औषधाला दोष देण्याआधी श्वास पाहा. इथेच बहुतेकांची फसगत होते. भुलीत श्वास मंदावतो, रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो. त्याचा दाब १ मि.मी. पारा वाढला की प्रवाह साधारण २ ते ४ टक्के वाढतो. म्हणजे १० मि.मी.ची चूक तुमचं अख्खं निरीक्षण गिळून टाकते. धमनीतला हा दाब ३५ ते ४५ मध्ये ठेवा. जमत नसेल तर व्हेंटिलेटर लावाच.

भूल चढवताना ३-४ टक्के आयसोफ्लुरेन चालतं, मोजमापाआधी ते १ ते १.५ टक्क्यांवर आणून स्थिरावू द्या. गुदाशयातलं तापमान ३७ अंशांवर हवं. रक्तदाबही सतत मोजा: खोल भुलीत मेंदूचं स्वतःचं प्रवाह-नियंत्रण ढिलं पडतं आणि प्रवाह दाबामागे फरफटत जातो.

उंदराची मिशी हलवून मेंदूतला रक्तप्रवाह किती वाढतो हा प्रतिसाद पाहणार असाल तर आणखी एक अडचण आहे. आधीच फुगलेल्या धमनीला आणखी फुगायला वाव उरत नाही, शिवाय चेतापेशीही मंदावलेल्या असतात. त्यामुळे आलेखातली उसळी बरीच लहान येते.