मानपत्रातला ‘पुरुषार्थ’

दिंडोरी रोडच्या एका ताईंनी विचारलंय. आईच्या पंच्याहत्तरीसाठी त्यांच्या भावाने मानपत्र लिहिलं. वडील गेल्यावर आईने निफाडकडची द्राक्षबाग एकटीने सांभाळली, कर्ज फेडलं. त्याबद्दल वाक्य आहे : ‘त्यांनी मोठा पुरुषार्थ गाजवला.’ ताईंना ते खटकलं. भावाचं म्हणणं, या शब्दात बाई-पुरुष असा भेदच नाही.

व्युत्पत्तीपुरतं भावाचं बरोबर आहे. धर्म, अर्थ, काम, मोक्ष हे चार पुरुषार्थ म्हणजे माणसाने ज्यांच्यासाठी जगावं अशी चार प्रयोजनं. इथे ‘पुरुष’ म्हणजे माणूस. सांख्य तत्त्वज्ञानातला ‘पुरुष’ तर शुद्ध चैतन्य. आणि व्याकरणात बघा, ‘मी छाटणी करते’ म्हणणारी बाईसुद्धा प्रथमपुरुषीच बोलते. फारसीतून आलेल्या ‘मर्दुमकी’चंही तसंच. मूळ ‘मर्दुम’ म्हणजे माणसं, लोक. उर्दूत जनगणनेला ‘मर्दुमशुमारी’ म्हणतात. मराठीत मात्र मर्दुमकी म्हणजे शौर्य, आणि तेही बहुतेक पुरुषाचंच.

हे फक्त आपल्याकडेच झालं असं नाही. धुळवडीला नाशकात देवघरातले वीर, म्हणजे पूर्वजांचे टाक, गोदावरीवर निघतात. तो ‘वीर’ आणि लॅटिनमधला पुरुषवाचक ‘विर’ एकाच मुळाचे. त्या ‘विर’पासून ‘विर्तूस’ झाला : आधी मर्दपणा, शौर्य, आणि पुढे सरळ सद्गुण. चांगुलपणाचं नावच पुरुषावरून पडलं! फ्रेंच लेखिका सिमोन द बोव्हार यांनी १९४९ साली नेमकं यावर बोट ठेवलं होतं : पुरुष हा पुरुषही असतो आणि ‘माणूस’ म्हणूनही तोच धरला जातो, बाई मात्र कायम बाईच.

म्हणून ताईंचं खटकणं मला व्युत्पत्तीपेक्षा मोलाचं वाटतं. शब्द कुठून आला यापेक्षा तो आज कानाला काय सांगतो, हे मानपत्रात महत्त्वाचं. शिवाय क्रियापद पाहा. प्रयोजन असलेला पुरुषार्थ ‘साधतात’. ‘गाजवतात’ तो पराक्रम. ‘गाजवला’ लिहिताक्षणी भावाने स्वतःच जुना अर्थ सोडला आणि आईला पुरुषाच्या मापाने मोजलं. प्रेमानेच, पण मोजलं.

तरी हा शब्द टाकून द्यावा असं मी म्हणणार नाही. मराठीत तो सगळ्यात जिवंत आहे तो प्रश्नात : ‘बायकोवर हात उगारण्यात कसला पुरुषार्थ?’ आमच्या गल्लीत म्हाताऱ्या बायका हे वाक्य तोंडावर म्हणत, आणि ऐकणारा मान खाली घाली. या प्रश्नात ‘तू पुरुष आहेस ना?’ हेही आहे आणि ‘माणूस म्हणून काय साधलंस?’ हेही. दोन्ही अर्थ तिथे एकमेकांना धरून उभे आहेत. ‘मर्दानगी’ला हे जमत नाही, तिला नीतीचा काटा नाही. ‘पौरुष’ पुस्तकी, ‘पुरुषत्व’ जवळजवळ वैद्यकीय.

आईंसाठी मी ‘कर्तबगारी’ घेईन. ‘कर्तृत्व’ही चालेल, पण ते सत्कारांत फार झिजलंय. ‘कर्तबगारी’त ‘कर्तव्य’ दडलेलं आहे. त्याचंच ‘कर्तब’ झालं आणि त्याला फारसी ‘गार’ लागला. करायला हवं ते निभावणारं माणूस, एवढं त्यात येतं.

ताई, भावाला दुखवू नका. त्याच्या वाक्याऐवजी एवढंच सुचवा : ‘त्यांनी मोठ्या कर्तबगारीने बाग राखली आणि कर्ज फेडलं.’ पुरुषार्थ साधला हे वाचणाऱ्याला आपोआप कळेल.