वाचक विचारतात: शेतकरी होता, मग एल्डर कसा?

प्रश्न: माझी मुलगी न्यूझीलंडमध्ये डनेडिनजवळ राहते. तिच्याकडे गेले असताना एका जुन्या दफनभूमीत एका दगडावर शेतकऱ्याचं नाव आणि खाली ‘या मंडळीचा एल्डर’ असं कोरलेलं दिसलं. शेती करणारा माणूस चर्चचा अधिकारी कसा? त्याला पगार असायचा का? आणि इतक्या दूर त्याला जमीन दिली कुणी?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: पगाराचं आधी उरकतो. नव्हता, एक छदामही नाही.

जमीन त्याला कुणी दिली नाही, विकली. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडली. गावचा पाळक, म्हणजे चर्चचा धर्मगुरू, जमीनदाराने लादायचा की मंडळीने, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांनी निवडायचा, हा वाद होता. साडेचारशेहून जास्त पाळक राहतं घर आणि बांधलेलं उत्पन्न सोडून बाहेर पडले आणि ‘फ्री चर्च’ उभं राहिलं. ओटागोची, म्हणजे डनेडिनच्या परिसरातली, वसाहत याच चर्चच्या लोकांनी आखली. ‘जॉन विकलिफ’ हे जहाज २३ मार्च १८४८ला पोहोचलं, ‘फिलिप लेंग’ १५ एप्रिलला. वसाहतीचा पुढारी कॅप्टन विल्यम कारगिल आणि पाळक थॉमस बर्न्स, म्हणजे कवी रॉबर्ट बर्न्सचा पुतण्या. काकांची प्रेमगीतं आणि पुतण्याची प्रवचनं एकाच घराण्यातली, यावर माझा अजून विश्वास बसत नाही!

जमिनीचा एक वाटा सव्वासाठ एकरांचा. पाव एकर गावात, दहा गावालगत, पन्नास रानात. एकरी २ पौंड, म्हणजे १२० पौंड १० शिलिंग. आलेल्या पैशातला आठवा हिस्सा चर्च आणि शाळेसाठी राखलेला होता. मजुराकडे एवढी रक्कम कुठून असणार? तो सवलतीच्या तिकिटावर यायचा, दुसऱ्याच्या शेतावर राबायचा आणि जमलं तर पुढे स्वतःचा तुकडा घ्यायचा.

पण ही जमीन मुळात कुणाची, हे त्या दगडावर लिहिलेलं नसतं. १८४४ साली नाय टाहू या माओरी जमातीकडून चार लाख एकर २,४०० पौंडांना घेतले गेले. तेव्हा पौंडाचे २४० पेन्स होत, म्हणजे एकराला दीड पेनीसुद्धा पडली नाही. तीच जमीन पुढे एकरी ४८० पेन्सना विकली. नाय टाहूंच्या तक्रारींचा कायदेशीर निवाडा व्हायला १९९८ साल उजाडलं. तुमचा एल्डर कष्टाळू असेल, सज्जनही असेल, पण त्याच्या सातबाऱ्यामागे हा व्यवहार आहे.

आता त्याचं रोजचं जगणं. पहिलं घर खांब रोवून, मधे काटक्या विणून, वर गवत कालवलेल्या चिखलाचा गिलावा देऊन उभं केलेलं. बांधायला दोरी म्हणून तिथल्याच अंबाडीसारख्या झाडाची पानं. बैलांना गाडीऐवजी बिनचाकी घसरगाडी जुंपायची, कारण चाकं रुतायची. डनेडिनला लोक थट्टेनं ‘मडेडिन’, म्हणजे चिखलाचं गाव म्हणत, यातच सगळं आलं. रानात ‘टुटू’ नावाचं विषारी झुडूप, नव्याने सोडलेली गुरं ते खाऊन फुगायची आणि मरायची. ओट, बटाटे, मेंढ्या. सकाळ-संध्याकाळ घरच्या सगळ्यांना बसवून बायबलवाचन आणि प्रार्थना.

एल्डर, म्हणजे मराठी मंडळ्यांत ज्यांना ‘वडील’ म्हणतात ते, मंडळीच निवडायची आणि ते पद जन्मभराचं. पाळक आणि हे वडील मिळून ‘सेशन’. १८५४ साली टायरीच्या मैदानासाठी विल्यम विल आणि क्लुथासाठी विल्यम बॅनरमन येईपर्यंत या चर्चचा पाळक एकटा बर्न्स होता. तो घोडा दामटून किती ठिकाणी पोहोचणार? आजाऱ्याजवळ बसणं, मुलांकडून धर्मशिक्षणाची १०७ प्रश्नांची प्रश्नोत्तरी म्हणून घेणं, दारातल्या थाळीतली वर्गणी मोजणं, हे वडिलांकडे यायचं.

त्याच्या सत्तेची खरी खूण मात्र शिशाची होती. नाण्याएवढा बिल्ला. प्रभुभोजनाच्या, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीच्या, आधी वडील तो लायक माणसांना द्यायचे आणि त्या रविवारी पांढरं कापड घातलेल्या लांब मेजाशी बसताना परत घ्यायचे. बिल्ला नाही तर मेजाशी जागा नाही. दारू पिऊन धिंगाणा, शब्बाथ (रविवारची सक्तीची विश्रांती) मोडणं, लग्नानंतर फार लवकर झालेलं मूल, या कारणांनी तो अडायचा. देणारा कोण, तर बांधाला बांध लागलेला शेजारी. आठवडाभर ज्याच्याकडून बियाण्याचे बटाटे उसने घ्यायचे, त्याच्याचपुढे हात पसरायचा. मला विचाराल तर त्या पदातली सगळ्यात अवघड गोष्ट हीच होती, आणि ती दोन्ही बाजूंना अवघड होती.

प्रश्न: मग ही जातपंचायतच झाली की! फरक काय?
– पुण्याहून एक वाचक

उत्तर: वास तसाच येतो, खोटं कशाला बोलू. बाईची अब्रू पुरुषांच्या बैठकीत चघळली जायची, तीही बंद दाराआड. फरक दोन. सेशनचा निर्णय पटला नाही तर वर प्रेसबिटरीकडे, म्हणजे अनेक मंडळ्यांवरच्या सभेकडे, दाद मागता यायची. आणि प्रत्येक बैठकीची नोंद चिटणीस शाईने वहीत लिहायचा. तोंडी बहिष्कारापेक्षा हे बरं, एवढंच म्हणेन.

या दबदब्याला धक्का बसला तो सोन्याने. १८६१च्या मे महिन्यात टास्मानियाहून आलेल्या गेब्रिएल रीडला ओटागोत सोनं सापडलं आणि हजारो खाणकरी लोटले. त्यांना कोण एल्डर आणि कसला बिल्ला! जुन्या वसाहतवाल्यांचा प्रांत पाहता पाहता त्यांच्या हातून निसटला. तरी शिक्षणाचा हट्ट टिकला: १८६९ साली ओटागो विद्यापीठ स्थापन झालं, न्यूझीलंडमधलं पहिलं.

नाशिकच्या ताईंना एक सुचवतो. दगडावरचं नाव, साल आणि मंडळीचं नाव मुलीकडून नीट लिहून घ्या. ‘पेपर्स पास्ट’ या संकेतस्थळावर तिथली जुनी वर्तमानपत्रं फुकट वाचता येतात. ‘ओटागो विटनेस’मध्ये मृत्युलेख मिळण्याची शक्यता चांगली आहे. त्यात माणूस सर्वांचा लाडकाच असेल, सगळ्याच मृत्युलेखांत असतो. म्हणून डनेडिनच्या नॉक्स कॉलेजमधल्या प्रेस्बिटेरियन (याच चर्चपंथाच्या) अभिलेखागाराला पत्र टाकून त्या मंडळीच्या सेशनच्या वह्या आहेत का, हेही विचारा. आडनाव ‘मॅक’ने सुरू होत असेल तर स्पेलिंगमध्ये ‘ए’ घालून आणि गाळून, दोन्ही तऱ्हांनी शोधा.