‘प्रेरित’ म्हणजे स्फूर्ती मिळालेला नव्हे

रामबागेतल्या एका ताईंनी विचारलंय: मुलगी शेतकी कॉलेजात आहे. अश्वगंधेच्या बियांवर गॅमा किरण सोडून मुळांतली विथानोलाइडं, म्हणजे औषधी द्रव्यं, वाढतात का, हे ती पाहते आहे. अशा बाहेरून घडवलेल्या जनुकबदलाला, इंग्रजीतल्या ‘इंड्यूस्ड म्युटेशन’ला, प्रबंधात ‘प्रेरित उत्परिवर्तन’ लिहायचं की ‘प्रवर्तित’?

ताई, ‘प्रेरित’च. तो खटकतो याचं कारण आपल्या इंदुरातले सत्कार समारंभ. दर वेळी कुणीतरी उठून ‘मी यांच्यापासून खूप प्रेरित झालो’ म्हणतं. हे हिंदीतून उचललेलं वाक्य ऐकून ऐकून माझे कान किटले. मराठीत स्फूर्ती मिळते, हुरूप येतो, प्रेरणा घेता येते. माणूस ‘प्रेरित होत’ नाही.

‘उत्परिवर्तना’ची फोड कुठल्याही कोशात मिळेल. गंमत ‘प्रेरित’मध्ये आहे. धातू ‘ईर्’, म्हणजे हलणं, हलवणं, फेकणं. आधी ‘प्र’ लागला की पुढे ढकलणं, सोडणं. म्हणून धनुष्यावरून सुटलेला बाण प्रेरित. आणि समीर! सम् अधिक ईर्, सगळं हलवणारा तो वारा. ज्या घरात समीर नावाचा मुलगा आहे, त्या घरात हा धातू दिवसातून दहा वेळा हाक मारून बोलावला जातो.

वारा पाचोळा उडवतो, तो कुठे पडावा हे ठरवत नाही. किरणांचंही तसंच. क्ष-किरणांनी फळमाशीत उत्परिवर्तनं वाढतात हे मुलर या शास्त्रज्ञाने 1927 मध्ये दाखवलं, पण नेमकं कुठलं जनुक बदलेल हे त्याच्या हाती नव्हतं. त्यात बहुतेक बदल अप्रभावी, पहिल्या पिढीत दडून राहणारे. म्हणून दुसरी पिढी पेरायची, एकेक झाड तपासायचं, हवं ते राखायचं. औषधी द्रव्य वाढतं ते या निवडीमुळे. किरण फक्त धक्का देतात. आपल्या मंदसौर-नीमचकडच्या अफूचंच घ्या. लखनौच्या ‘सीमॅप’ या औषधी वनस्पतींच्या संशोधन संस्थेने याच वाटेने ‘सुजाता’ ही जात काढली. तिच्या बोंडातून अफू निघत नाही, खसखस मात्र मिळते. धक्का तोच, पण निवड उलट.

‘प्रवर्तित’वाले पदार्थविज्ञानातल्या ‘विद्युतचुंबकीय प्रवर्तना’चा दाखला देतात. तो इथे लागूच नाही. तिथे चुंबक हलवल्याने तारेत वाहणाऱ्या प्रवाहाची दिशा नियमाने बांधलेली असते. पंथाच्या प्रवर्तकालाही कुठे जायचंय ते ठाऊक असतं. गॅमा किरणांना कुठलं ठाऊक असणार? शिवाय ‘प्रवर्तित उत्परिवर्तन’ म्हणजे एकाच ‘वृत्’ धातूला दोनदा राबवणं. ‘इंड्यूस्ड’ला सगळीकडे एकच शब्द हवा या हट्टापायी अर्थ मोडणारे हे परिभाषाकार ‘समीर’ शब्द उघडून पाहत नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मुलीला सांगा, ‘किरणप्रेरित उत्परिवर्तन’ लिही. रसायन वापरलं असेल तर ‘रसायनप्रेरित’. म्हणजे कुणी ढकललं तेही कळेल.