बायोडेटात काय लिहायचं?

"मॅडम, संशोधन सोडून मी पोरांना खेकडे दाखवत फिरते. याला करिअर म्हणायचं का?"

विज्ञान शिकून लोकशिक्षणाकडे वळलेली मुलं थोड्याफार फरकाने हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे समुपदेशनाला येतात. ही मुलगी समुद्रातली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) सागरी प्राणिशास्त्रात एम.एस्सी., वय पंचवीस, घर दादरला. दीड वर्ष एका प्रकल्पात होती, निधी संपला, मग एका संस्थेसाठी किनारफेऱ्या घेऊ लागली. कोणी विचारलं की म्हणायची, "सध्या तात्पुरतं करतेय." पहिल्या पाच मिनिटांत हा शब्द चारदा आला.

मी आधी चूकच केली. वनविभागाचा कांदळवन कक्ष 2012 पासून आहे, ऐरोलीला सागरी जैवविविधतेचं केंद्र आहे, शिवाय मत्स्यालयं, स्वयंसेवी संस्था, शाळांचे उपक्रम, अशी यादीच तिच्यापुढे धरली. तिने शहाण्यासारखी मान डोलावली. ती यादी तिला माझ्यापेक्षा चांगली पाठ होती. नोकरी कुठे मिळेल हा तिचा प्रश्नच नव्हता.

मग म्हटलं, गेल्या रविवारच्या फेरीबद्दल सांग.

"समुद्राला रविवार नसतो, मॅडम!" पहिल्यांदाच हसली. खडक नीट उघडे पडायला उधाणाची ओहोटी लागते, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आगेमागे. त्या दिवसांत मुंबईत पाणी सर्वांत खाली जातं ते सकाळी सहाच्या सुमारास, नाहीतर संध्याकाळी. पुढे वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी सरकते. शाळांना मात्र शनिवार सकाळी दहाच हवे असतात. घरच्या कालनिर्णयावर आई संकष्टी बघते, ही अमावस्या.

तर अशाच एका सकाळी, हाजीअलीजवळच्या खडकांवर, सातवीतला एक मुलगा हिरव्या गालिच्यावर पाय ठेवणार तेवढ्यात हिने त्याचा दंड धरला. "शेवाळ नाहीये ते. खाली बसून बघ." ते होते झोअँथिड, प्रवाळाचे नातेवाईक. शर्टाच्या बटणाएवढी तोंडं, भोवती बारीक झालर, शेकडो जीव एकमेकांना चिकटलेले. पाणी ओसरलं की मिटून बसतात, म्हणून नुसती बुळबुळीत चादर वाटते. खळग्यात जिथे पाणी उरलं होतं तिथे ते उमललेले होते. मुलगा उकिडवा बसला तो उठेचना. मग हळूच म्हणाला, "ताई, म्हणजे मघापासून मी कितींवर पाय दिला?"

हे सांगताना ती खुर्चीच्या टोकाला आली होती. "तात्पुरतं" एकदाही आलं नव्हतं. तसं मी म्हटलं, तर डोळे भरून आले.

खरं दुखणं तिथे होतं. वर्गातली मैत्रीण गोव्याला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत लागली होती. "तिचं नाव शोधनिबंधावर येतं. माझं कशावर येणार?" इथे मी गोड बोलले नाही. नाव हवं असेल तर नोंदी ठेव, म्हटलं. प्रत्येक फेरीची तारीख, जागा, ओहोटीची उंची, फोटो. मरीन लाइफ ऑफ मुंबई हा उपक्रम 2017 पासून हौशी लोकांना बरोबर घेऊन अशाच नोंदी आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर टाकतोय. फेरी आणि अभ्यास या दोन वेगळ्या नोकऱ्या आहेत, हे कोणी ठरवलं? पाच वर्षांनी पीएच.डी.चा विचार आला तर हातात वही असेल.

पैशाचं मात्र मन वळवून भागत नाही, तिथे कागद लागतो. पावसाळ्याचे चार महिने खडकांवर जाता येत नाही, म्हणजे मानधन बंद. आठ महिन्यांची कमाई बाराने भागायला लावली. आकडा बघून ती गप्प झाली, मीही. जून ते सप्टेंबर वर्गातली सत्रं आणि मराठीतून साहित्य लिहिणं, असं ठरलं. मराठी साहित्य खरंच तोकडं आहे. मासेबाजारात आपल्याला तिसऱ्या, कालवं, शेवंड सगळं कळतं. जे खात नाही त्याला नावच ठेवत नाही!

पुढच्या वेळी आईवडील आले. वडील बँकेतून निवृत्त, शांत गृहस्थ. "हौस म्हणून ठीक आहे हो, पण..." बोलता बोलता कळलं, दोन वर्षांपूर्वी ते मित्रांबरोबर कोकणात वेळासला कासवांची पिल्लं बघायला गेले होते. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने तिथे 2002 मध्ये घरट्यांचं रक्षण सुरू केलं, हे त्यांना वर्षासकट आठवत होतं. एक तरुण मुलगा तासभर सांगत होता म्हणे, फार छान.

"त्याला विचारलंत, याला करिअर म्हणायचं का?"

ते काही बोलले नाहीत. पटलं असंही नाही. पुढे एकदा लेकीबरोबर किनाऱ्यावर जाऊन आले आणि चपला खराब झाल्याची तक्रार केली, एवढं कळलं.

आईचा प्रश्न वेगळा होता. लग्नाच्या बायोडेटात "नोकरी"पुढे काय लिहायचं? अधूनमधून मुलीचा फोन येतो, त्यात मी विचारलं, काय लिहिलं शेवटी?

"सागरी जीवशास्त्रज्ञ. बाकीचं पाहुणे आले की सांगू, म्हणते आई. आणि कांदेपोह्यांची तारीख अमावस्येच्या जवळ नको, एवढं तिला मी सांगून ठेवलंय."