ड्रोन आले, मग अधिकारी कशाला?

ताई, सप्रेम नमस्कार.

लेक दहावीत आहे, तिला एनडीएत (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत) जायचंय आणि तिचा मामा म्हणतो, "ड्रोन आलेत, आता अधिकारी कोणाला हवेत? एआयचं इंजिनीअरिंग करू दे." वीस वर्षांनी सैन्य कसं असेल, असं तुम्ही विचारलंय.

ते आज कोणीच सांगू शकत नाही, खुद्द सैन्यही नाही. शंभर वर्षांपूर्वी विमानांनी हाच पेच टाकला होता. युद्धनौका मोडीत निघणार, की विमानं नुसती टेहळणीपुरती, यावर अमेरिकी नौदलात खडाजंगी चालायची. त्यांनी युद्धनौका ठेवल्या आणि जोडीला, कोळसा वाहणाऱ्या एका जहाजावर सपाट डेक चढवून १९२२ मध्ये 'लँगली' ही आपली पहिली विमानवाहू नौका केली. १९२५ मध्ये नौदल अधिकारी जोसेफ रीव्ह्ज विमानपथकांचे प्रमुख म्हणून तिथे आले. वय ५२. हेच जहाज कोळसा वाहायचं तेव्हा, १९१३ मध्ये, ते त्याचे कप्तान होते! तोवर उतरलेलं विमान लिफ्टने खाली नेईपर्यंत पुढचं विमान आकाशात घिरट्या घालायचं. मग रीव्ह्ज यांच्या काळात डेकवर आडवा अडसर आला. उतरलेलं विमान अडसरापलीकडे ढकलायचं, अडसर पुन्हा उभा करायचा, लगेच पुढचं उतरवायचं. १४ विमानांच्या जागी लँगलीवर ४२ मावू लागली.

वैमानिक झालो तर बढती मिळेल का, ही धाकधूक तेव्हाच्या तरुण अधिकाऱ्यांनाही होती. १९२६ मध्ये विमानवाहू नौकांची कमान हवाई प्रशिक्षण घेतलेल्यांनाच द्यायची, असा कायदा झाला. अर्नेस्ट किंग ४८व्या वर्षी उडायला शिकले आणि दुसऱ्या महायुद्धात त्याच नौदलाचे प्रमुख झाले. मला यात तुमची लेक दिसते. तिलाही नोकरीत मध्येच नवं शिकावं लागेल, बहुधा एकदाच नव्हे.

मामांचं म्हणणं मी टाकून देणार नाही. पण वर्दी घेतली म्हणजे इंजिनीअरिंग सुटतं असं नाही. एनडीएत नौदल आणि हवाई दलाच्या कॅडेटना बी.टेक.चं शिक्षण मिळतं. २०२२ पासून तिथे मुलीही आहेत. तिने अकरावीला गणित, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र घ्यावं. या दोन दलांसाठी ते लागतंच. नाशिकला मुलींसाठी एनडीएची तयारी करून घेणारी सरकारी संस्था आहे. तिथला प्रवेश दहावीनंतर लगेच असतो, म्हणून यंदाच्या जाहिरातीवर आत्तापासून लक्ष ठेवा. आणि मामांना ड्रोनबद्दल जे ठाऊक आहे, ते त्यांनी भाचीला बसवून शिकवावं.